खोबरेल : खायचं की लावायचं?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचन-लेखन बंद असा हुकूम होता. त्या सक्तीच्या विश्रांतीत माझी जुन्या कात्रणांची फाईल ह्यांच्याकडून वाचून घेतली. रोज दुपारी चहाबरोबर दोन-तीन कात्रणं. त्यातच डिसेंबर २०२४ मधलं एक कात्रण निघालं.

बातमी अशी, की छोट्या बाटलीत भरलेलं शुद्ध खोबरेल तेल खाण्याचं मानायचं की केसांना लावायचं, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल दिला. प्रश्न अर्थातच कराचा. केशतेल म्हटलं की कर जास्त, खाद्यतेल म्हटलं की कमी. २००९ मध्ये अबकारी खात्याने परिपत्रक काढलं होतं, की दोनशे मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीतलं खोबरेल म्हणजे केशतेल. (तेल तेच, पण बाटली लहान झाली की ते डोक्यावर चढतं!) पुढे ते परिपत्रक मागे घेतलं गेलं, पण खटले चालूच राहिले. २०१८ मध्ये न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि न्यायमूर्ती आर. भानुमती या दोघांचं एकमत झालं नाही, म्हणून प्रकरण तिघांपुढे गेलं. त्या तिघांनी सांगितलं, की तेल खाण्यायोग्य दर्जाचं असेल आणि वेष्टनावर केशतेल असं म्हटलेलं नसेल, तर नुसती बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल होत नाही. तेव्हा जीएसटी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांवर आलं. म्हणजे कराच्या दृष्टीने तरी हा वाद आता मिटला.

वाचून झाल्यावर हे म्हणाले, "एवढ्यासाठी सुप्रीम कोर्ट कशाला? आमच्या आईला विचारलं असतं तर तिने विळीवरून न उठता सांगितलं असतं." आम्ही दोघं हसलो आणि मग दोघंही गप्प बसलो. का गप्प बसलो, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझं माहेर लांज्याकडचं. तिथे आंबा-फणस भरपूर, पण माड मोजके. १९७३ मध्ये लग्न होऊन भाट्याला आले, तेव्हा खाडीकाठच्या पुळणीत उभे असलेले सासरचे अकरा माड बघून मला फार श्रीमंत घरी पडल्यासारखं वाटलं होतं. जवळच नारळ संशोधन केंद्र. ते १९५५ पासून तिथे आहे. बाणवली ही आपल्याकडची जुनी उंच जात, तिच्यातूनच निवडून काढलेली 'प्रताप' ही जात याच केंद्राची. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, त्या केंद्राचा मोठा अभिमान. पाहुणे आले की गणपतीपुळ्याच्या आधी ते केंद्र दाखवायचे.

माड अण्णांचे, पण तेल सासूबाईंचं. माईंनी मला पहिल्याच वर्षी तीन शब्द शिकवले. सुकं खोबरं घाण्यावर गाळून निघतं ते खोबरेल. ओला नारळ खवून, चव तापवून मुठीत पिळून काढतात ते मुठेल. आणि ओल्या नारळाचं दूध कढवून काढतात ते आवेल. मी बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी, पण यातले दोन शब्द मला नवे होते.

आवेल काढणं हा दीड दिवसाचा कार्यक्रम. दहा-बारा नारळ खवायचे, चव पाट्यावर वाटायचा, कोमट पाणी घालून दूध पिळायचं आणि ते रात्रभर ठेवायचं. सकाळी वर जाड साय धरलेली असे. ती कल्हईच्या पितळी कढईत घालून मंद आचेवर ठेवली, की आधी नुसती फसफस होते. पाणी आटलं की फसफस थांबते, तेल सुटतं आणि साका तांबूस होऊन खाली बसतो. माई आवाजावरून ओळखायच्या. "बोलायचं थांबलं की उतरव," म्हणायच्या. दहा नारळांमागे जेमतेम अर्धा लिटर तेल निघे. साका गुळाबरोबर पोरं खात.

आता एक गैरसमज दूर करते. कोकणात सगळं खोबरेलात शिजतं, असं घाटावरच्या मंडळींना वाटतं. केरळात ते खरं असेल. आमच्याकडे रोजच्या फोडणीला गोडेतेल, म्हणजे शेंगदाण्याचं. नारळ पोटात जायचा तो ओलं खोबरं आणि दूध या रूपात. भाजीवर, आमटीत, सोलकढीत, मोदकात. तेल वरून, कच्चं, चमचाभर. उन्हाळ्यात पोह्यांच्या पापडांच्या लाट्या खोबरेलात बुडवून खायच्या, कुयरीच्या भाजीवर थोडं सोडायचं, घावनाच्या तव्याला नारळाच्या शेंडीने लावायचं. त्याच वाटीतलं बाळाच्या टाळूवर, त्याच वाटीतलं फुटलेल्या ओठांना आणि त्यातलंच केसांना. कोर्टाने विचारलेला प्रश्न त्या वाटीला कधी पडलाच नव्हता.

माडाशी आपलं नातं किती जुनं, हे मी वर्गात नाशिकच्या शिलालेखांवरून सांगत असे. पांडवलेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्यात त्याने दिलेल्या दानांची यादी आहे. गाई, सोनं, गावं यांच्या जोडीला माडांची झाडं, आणि तीही हजारांनी! एका ठिकाणी आठ हजार हा आकडा शब्दात आणि अंकात असा दोन्हींत कोरलेला आहे. म्हणजे तेव्हाही माड हे मोजून, लिहून द्यावं असं धन होतं. आयुर्वेदानेही नारळ थंड आणि शरीर भरून काढणारा मानला.

केसांच्या बाबतीत म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं विज्ञानानेही बरंचसं उचलून धरलं. २००३ मध्ये मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना त्यांतली प्रथिनं निघून जातात, ती गळती या तिघांपैकी खोबरेलानेच ठळकपणे कमी केली. कारण खोबरेलातलं निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लॉरिक आम्ल असतं, त्याचे रेणू छोटे आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. (हे दोघे मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच संशोधक होते, हेही लक्षात ठेवायचं.) असो. लावण्याबद्दल फारसं भांडण नाही. भांडण आहे ते खाण्याबद्दल.

१९८७ च्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. हृदयविकाराचा झटका होता. वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, विडी बंद, रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि नारळ, खोबरं, खोबरेल पूर्ण बंद. डॉक्टर भले गृहस्थ होते आणि त्या काळी पुस्तकात जे होतं तेच त्यांनी सांगितलं.

घरात शिकलेली सून मी. घरी आल्यावर मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले, 'चालेल' आणि 'चालणार नाही', आणि तो कागद फडताळाच्या दाराला चिकटवला. दुसऱ्या रकान्यात पहिला शब्द नारळ. माईंना वाचता येत होतं. त्यांनी तो कागद उभ्याने वाचला आणि म्हणाल्या, "अगो, माडाखाली चार पिढ्या गेल्या ह्या घराच्या. कुणाला काय झालं?"

मी म्हटलं, "माई, तेव्हा कोण रक्त तपासत होतं?"

त्या पुढे बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळी कढई घासून, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावली. "तू शिकलेली, तुझं ऐकायला हवं," एवढंच म्हणाल्या. आणि जे अण्णांना बंद ते त्यांनी स्वतःलाही बंद करून घेतलं. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण 'तुम्ही खा' असंही सांगितलं नाही.

माझ्या त्या कागदावरचा पहिला रकाना आता आठवला की मला लाज वाटते. त्यात मी 'वनस्पती तूप' लिहिलं होतं! वनस्पतीपासून झालेलं, जनावराची चरबी नव्हे, म्हणून चांगलं, असा माझा हिशोब. दिवाळीची शंकरपाळी, चिरोटे, सगळं त्यात. नारळ गेला आणि त्याच्या जागी हे आलं.

माझा कागद फडताळावर चिकटला, त्यामागे तीस वर्षांचा इतिहास होता. तो मला पुष्कळ नंतर कळला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराची फार धास्ती होती. मिनेसोटाचे संशोधक अँसेल कीज यांनी मांडलं, की संपृक्त, म्हणजे गार झाल्यावर थिजणाऱ्या जातीचा मेद जास्त खाल्ला की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यातून हृदयविकार. त्यांचा सात देशांचा अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला. १९६१ मध्ये कीज 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले आणि त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करा असा सल्ला दिला. खोबरेलात संपृक्त मेद किती? जवळजवळ नव्वद टक्के. लोण्यापेक्षाही जास्त. थंडीत सकाळी बाटली थिजलेली असते, ती याचमुळे. साधारण चोवीस अंशांच्या खाली ते घट्ट होतं. तेव्हा यादीत ते आपोआपच वर गेलं.

पण इतिहासाच्या शिक्षिकेला इथे एक प्रश्न पडतो. ते सात देश कोणते? अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, जपान. यांतल्या एकाही देशात नारळ हे रोजचं अन्न नाही. ज्यांच्या ताटात नारळ होता त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे पॅसिफिक महासागरातल्या पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरच्या लोकांचा अभ्यास झाला, तो १९८१ मध्ये छापून आला. टोकेलाऊचे लोक तर निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातूनच घेत. त्यांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा जास्त होतं, हे खरंच. पण रक्तवाहिन्यांचे आजार दोन्हीकडे विरळाच. मात्र ते लोक बाटलीतलं तेल ओतून खात नव्हते. ते नारळ खात होते, मासे खात होते आणि दिवसभर अंगमेहनत करत होते.

दुसरी गोष्ट बाजाराची. खोबरेल हे पाश्चात्त्य देशांत साबणाचं आणि मार्गारीनचं तेल. फिलिपाइन्सहून येणाऱ्या खोबरेलावर अमेरिकेने १९३४ मध्ये पौंडामागे तीन सेंट कर बसवला होता. युद्धात जपानने फिलिपाइन्स घेतलं आणि तो पुरवठाच तुटला. मग सोयाबीनचा जम बसला. १९८०च्या दशकात तिथल्या सोयाबीनवाल्यांनी 'उष्ण कटिबंधातली तेलं' म्हणून पाम आणि खोबरेलाविरुद्ध मोहीम उघडली. १९८८ मध्ये फिलिप सोकोलोफ नावाच्या एका उद्योजकाने, ज्याला स्वतःला हृदयविकार होता, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. मथळा होता, अमेरिकेवर विषप्रयोग! बिस्किटवाल्या कंपन्या घाबरल्या आणि त्यांनी खोबरेल काढून टाकलं. त्या जागी काय घातलं? अर्धवट हायड्रोजनीकरण केलेलं सोयाबीन तेल. म्हणजे आपलं वनस्पती तूप!

आणि दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवलं, की या हायड्रोजनीकरणातून तयार होणारा ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. दोन्हीकडून मार. आपल्याकडे वनस्पती तुपाचा जम १९३०च्या दशकात बसला. १९३७ मध्ये आलेला डालडा तर मराठीत वनस्पती तुपाचा समानार्थी शब्दच झाला. गांधीजींचा या तुपाला विरोध होता. पण आपल्या अन्नातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर यायला १ जानेवारी २०२२ उजाडावा लागला.

अमेरिकेत १९८८ मध्ये जे झालं, ते भाट्याच्या एका फडताळात १९८७ मध्येच झालं होतं. फक्त आमच्याकडे जाहिरात दिली नव्हती, वहीचा कागद होता.

आता माईंकडे येते. अण्णा झटक्यानंतर चांगले एकोणीस वर्षं जगले. २००६ मध्ये, ऐंशी पार करून गेले. माई त्यांच्या आधी गेल्या, २००१ मध्ये. हृदयाचं काहीच नव्हतं. पोटाचा आजार होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. एप्रिल महिना, शेजारच्या घरी पापड चालले होते. तिकडून लाट्या आल्या. माई दोन दिवस काही खात नव्हत्या, पण त्या वासाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "एक लाटी दे गो. खोबरेल लावून."

मी स्वयंपाकघरात गेले. चौदा वर्षांत घरात खाण्याचं खोबरेल आलं नव्हतं. मी परत येऊन म्हटलं, "माई, खायचं खोबरेल नाही घरात. गोडेतेल लावून देऊ?"

"असूदे," म्हणाल्या. अर्धी लाटी खाल्ली. उरलेली वाटीत तशीच राहिली. तीन आठवड्यांनी गेल्या.

त्या वेळी न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेलाची निळी बाटली होती. मुलीच्या केसांसाठी आणलेली. ती मला दिसत होती. पण ते 'लावायचं' तेल, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की तिच्यातलं चमचाभर माईंच्या लाटीवर घालावं हे सुचलंच नाही. ती बाटली कधीच गेली, तिच्यावर काय छापलं होतं ते मला आठवत नाही. मी वाचलंच नव्हतं, हे मात्र नक्की आठवतं. कात्रण वाचलं त्या दुपारी मी उठून आत्ता घरात असलेली बाटली आणली. डोळ्याला ठिपका-ठिपका दिसत होतं, म्हणून ह्यांना वाचायला सांगितलं. त्यावर शाकाहाराची हिरवी खूण आहे, आणि खाद्यतेल असल्याचंही स्पष्ट छापलेलं आहे. पस्तीस वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडले, आणि स्वतः बाटली वाचली नाही!

म्हणून आम्ही गप्प बसलो होतो.

यावर कुणी म्हणेल, मग सगळं थोतांडच होतं, खोबरेल म्हणजे अमृत. आमची नातही असंच म्हणत पुण्याहून आली होती, २०१६ च्या सुमारास. हातात 'कोल्ड प्रेस्ड व्हर्जिन' असं लिहिलेली काचेची बरणी. किंमत ऐकून मी हबकले. "आजी, सकाळी कॉफीत चमचाभर घालायचं. वजन उतरतं, मेंदूला चांगलं." मी वास घेतला आणि म्हटलं, "हे तर माईंच्या आवेलाचं भावंड गं!" (अगदी तेच नव्हे. आवेल कढवलेलं असतं, हे न तापवता काढलेलं.) ज्या तेलाला आम्ही घरातून हाकललं, ते इंग्रजी नाव घेऊन दिमाखात परत आलं होतं.

पण एकदा ठेचकाळल्यामुळे या वेळी मी आधी वाचायचं ठरवलं. वजन उतरण्याची गोष्ट मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या खास तेलावरच्या प्रयोगांतून आली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ज्या मारी-पिअर सेंट-ओंज यांच्या प्रयोगांचा दाखला दिला जातो, त्यांनीच नंतर खुलासा केला, की त्यांचं तेल शंभर टक्के त्या प्रकारचं बनवलेलं होतं. खोबरेलात त्यातलं फक्त तेरा-पंधरा टक्के असतं. म्हणजे एकाचं प्रशस्तिपत्रक दुसऱ्याच्या गळ्यात!

दोन्ही बाजूंनी आवाज मात्र मोठे. मणिपालचे माजी कुलगुरू डॉ. बी. एम. हेगडे यांनी खोबरेलाची जाहीर वकिली केली. उलट २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते टाळा असं पुन्हा सांगितलं. २०१८ मध्ये हार्वर्डशी संबंधित प्राध्यापिका कारिन मिशेल्स जर्मनीतल्या एका व्याख्यानात खोबरेलाला 'निव्वळ विष' म्हणाल्या आणि भारताच्या फलोत्पादन आयुक्तांनी हार्वर्डला पत्र लिहून ते विधान मागे घ्यायला सांगितलं.

गोंगाट बाजूला ठेवून प्रयोग बघितले तर चित्र असं दिसतं. कोचीच्या अमृता रुग्णालयात हृदयविकाराच्या दोनशे रुग्णांवर दोन वर्षं प्रयोग झाला, अर्ध्यांना खोबरेल, अर्ध्यांना सूर्यफूल तेल. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की दोन्ही गटांत फरक नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ९४ जणांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम लोणी, ऑलिव्ह तेल किंवा खोबरेल दिलं. लोण्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, खोबरेलाने तितकं नाही. पण २०२० मध्ये अशा सोळा प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वाईट कोलेस्टेरॉल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेलं आढळलं. चांगलंही वाढलं, पण चारने. एका प्रयोगापेक्षा सोळांचा शब्द जड, एवढं मला इतिहासाने शिकवलं आहे. एका बखरीवर विश्वास ठेवून चालत नाही.

म्हणजे डॉक्टरांचं अगदीच चुकलं नव्हतं. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याने वाटीभर खोबरेल रोज पिऊ नये, हे आजही खरं. हिशोब सोपा आहे. संपृक्त मेद एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला तो दिवसाला सुमारे बावीस ग्रॅम. पोहे खायच्या मोठ्या चमचाभर खोबरेलात अकरा-बारा ग्रॅम आलेच. निम्मा दिवस संपला! उलट ओल्या खोबऱ्यात मेद एक-तृतीयांश, बाकी पाणी, चोथा वगैरे. भाजीवर चौघांत मिळून मूठभर चव पेरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतो तो किती? आणि नारळात कोलेस्टेरॉल असतं ही तर शुद्ध अफवा. ते वनस्पतीत जवळजवळ नसतंच.

आमच्याकडे तर ओलं खोबरं पेरायचं आणि तेल चमचाभर. ती पद्धत मोजूनमापूनच होती. मी मोजलं नाही, सरसकट काट मारली. नको होतं ते केलं आणि त्याच्या बदल्यात खरंच वाईट होतं ते आणलं.

मग अण्णा एकोणीस वर्षं कशाने जगले? विडी सोडली म्हणून? रोज संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर चालले म्हणून? गोळ्यांमुळे? नारळ सोडल्यामुळे? वनस्पती तूप खाऊनसुद्धा? मुलांना मी 'कारणे लिहा' या प्रश्नाला पाच मुद्दे लिहायला लावायची. इथे पाचही मुद्दे लिहून पूर्ण गुण मिळतील, पण कोणत्या मुद्द्याला किती श्रेय हे कोणी सांगू शकणार नाही. आणि अर्धी लाटी वाटीत राहिली, तिचं कारण मात्र एकच आहे आणि ते मला ठाऊक आहे.

गेल्या एप्रिलमध्ये नात आली होती. अकरापैकी आता सहा माड उरलेत, त्यांवरही वानरांचा हक्क आधी. तरी दहा नारळ जमले. माळ्यावरून कढई काढली, ह्यांनी कल्हई करून आणली. पाट्याऐवजी मिक्सर, एवढाच फरक. मी शेगडीजवळ खुर्ची टाकून बसले आणि नातीला सांगितलं, "मोबाईलवर वेळ लावू नकोस. बोलायचं थांबलं की उतरव." तिने कान दिला. बरोबर वेळेला उतरवलं.

मला रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, ती मी चुकवत नाही. रोजच्या फोडणीला आजही गोडेतेलच. आवेलाची बाटली फडताळात ठेवली आहे, पूर्वी कागद चिकटवला होता त्याच फडताळात. पापडांच्या दिवसात प्रत्येकाच्या लाटीवर एक चमचा. पहिली लाटी माईंच्या फोटोपुढे ठेवली. नात म्हणाली, "आजी, नैवेद्य का?" मी हो म्हटलं. तिला सगळी गोष्ट तेव्हा सांगता आली नाही, म्हणून इथे लिहिली आहे.

आवेल, मुठेल हे शब्द तुमच्या घरी होते का? मालवणकडे, गोव्यात, पलीकडे अलिबाग-श्रीवर्धनला काय म्हणत? तुमच्या आजीला विचारून कळवा. आजी नसेल तर तिच्या वयाच्या कुणालाही विचारा, पण लवकर.